पुस्तकातून उतरवून घेतलेली अवजारे

१९७० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना एक नवा संगणक हवा होता. कार्यप्रणालीवरील संशोधनासाठी तो मागून मिळण्याची आशा नव्हती. ‘मल्टिक्स’ नावाच्या महाकाय प्रकल्पात हात पोळल्यामुळे आदल्याच वर्षी संस्थेने त्या वाटेवरून पाऊल मागे घेतले होते. म्हणून मागणी केली गेली ती मजकूर लिहिण्याच्या, दुरुस्त करण्याच्या आणि नीटनेटका छापण्याच्या यंत्रणेसाठी. युक्ती फळली. पीडीपी-११ हे यंत्र आले आणि १९७१ च्या उत्तरार्धात संस्थेच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज तयार करू लागले. अर्जाच्या पानावर ओळींना क्रमांक असावे लागत. तीही सोय करून देण्यात आली. यंत्राची डिस्क अर्ध्या मेगाबाइटची होती. युनिक्सचे हे पहिले गिऱ्हाईक. मजकुरावर काम करणाऱ्या अवजारांचे या कार्यप्रणालीत पुढे जे प्रस्थ माजले, त्याचे एक मूळ या अर्जांत आहे.

दुसरे मूळ त्याहून जुने. बेल प्रयोगशाळेतीलच डग मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये एका टिपणात लिहून ठेवले होते की, बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडता येतात तशा आज्ञावल्या जोडता यायला हव्यात. थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये, सांगितले जाते त्याप्रमाणे एका रात्रीत, ही सोय युनिक्समध्ये करून दिली. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ घातली की पहिलीतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसरीत शिरू लागला. या नळीमुळे आज्ञावली लिहिण्याची रीतच बदलली. प्रत्येक आज्ञावलीने एकच काम करावे, आत साधा मजकूर घ्यावा, बाहेर साधा मजकूर सोडावा, आणि आपल्यामागे कोण उभे आहे याची चौकशी करू नये. अशा आज्ञावलीला ‘फिल्टर’ म्हणजे गाळणी म्हणू लागले. दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून काढणारी ‘ग्रेप’, ओळींत बदल करीत जाणारी ‘सेड’, दोन फाइलींतला फरक दाखवणारी ‘डिफ’, आणि १९७७ मध्ये आलेली, रकान्यांनी मांडलेल्या माहितीवर लहानसहान हिशेब करणारी ‘ऑक’, ही या घराण्यातली ठळक मंडळी. ऑक हे नाव तिच्या तीन जनकांच्या, आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांच्या, आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले.

या रीतीची ताकद किती, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुढे १९८६ मध्ये घडले. संगणकशास्त्रातील एका मान्यवर नियतकालिकात जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड नूथ यांना एक काम दिले: एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द, आणि प्रत्येक शब्द किती वेळा आला ते, छापून दाखवणारी आज्ञावली लिहावी. नूथ यांनी ती आपल्या खास साहित्यिक शैलीत, कित्येक पानांची आणि देखण्या कारागिरीने लिहिली. समीक्षेचे काम मॅकिलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी कारागिरीचे मनापासून कौतुक केले आणि खाली सहा आज्ञांची एक साखळी लिहून दाखवली. पहिली आज्ञा प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणते, दुसरी मोठी अक्षरे लहान करते, तिसरी ओळी वर्णानुक्रमे लावते, चौथी सारख्या ओळी एकत्र करून मोजते, पाचवी त्या संख्येप्रमाणे पुन्हा क्रम लावते आणि सहावी वरच्या काही ओळी ठेवून बाकीच्या टाकून देते. या सहांपैकी एकही आज्ञा ‘शब्द मोजणे’ या कामासाठी बनवलेली नव्हती.

ही अवजारे अंगाने अगदी लहान होती, आणि ते लहानपण हौसेचे नव्हते. पीडीपी-११ यंत्रावर एका आज्ञावलीला एका वेळी ६४ किलोबाइटपलीकडची जागा दिसतच नसे. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीसाठी मॅकिलरॉय यांना सुमारे ३०,००० शब्दांची यादी तेवढ्यात कोंबायची होती. त्यांनी शब्द न ठेवता त्यांचे गणिती ठसे ठेवले आणि दर शब्दामागे सरासरी १४ बिटांपेक्षाही कमी जागेत काम भागवले. ‘ग्रेप’ची जन्मकथाही अशीच टंचाईची आहे. ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ८५ निबंधांची भाषा तपासून त्यांतले कोणते कोणी लिहिले असावेत याचा अंदाज घ्यायचा होता. तो मजकूर युनिक्सच्या संपादकात मावेना. तेव्हा थॉम्पसन यांनी संपादकातला शोधण्याचा भाग तेवढा उचलून स्वतंत्र केला. ती आज्ञावली मजकूर साठवून ठेवीत नाही, एकेक ओळ समोरून जाऊ देते.

घरगुती संगणकांचा जमाना १९७५ नंतर सुरू झाला. त्या यंत्रांची मेमरीसुद्धा जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच असे. म्हणजे मापाने पाहिले तर बेल प्रयोगशाळेतली ती अवजारे या यंत्रांसाठीच बेतल्यासारखी होती. पण त्यांच्या मालकांपर्यंत ती पोचण्याचा मार्ग नव्हता. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरण्याची मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना सोर्स कोडसह नाममात्र खर्चात मिळे, व्यापारी संस्थांना हजारो डॉलर मोजावे लागत, आणि एकट्यादुकट्या हौशी माणसाचा विचार त्या परवान्यात कुठेच नव्हता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा ओळीओळीने उलगडून दाखवणारे भाष्य वर्गासाठी लिहिले होते. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या परवान्याने सोर्स कोड वर्गात शिकवण्यालाच बंदी केली. लायन्स यांचे भाष्य मग झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून हातोहात फिरत राहिले. ते उघडपणे प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

सोर्स कोड असा कुलपात असताना एक पुस्तक मात्र बाजारात सर्रास मिळत होते. ब्रायन कर्निहॅन आणि पी. जे. प्लॉगर यांचे ‘सॉफ्टवेअर टूल्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये प्रकाशित झाले. वरवर पाहता ते आज्ञावली चांगली कशी लिहावी हे शिकवणारे पाठ्यपुस्तक होते. पण त्यातील उदाहरणे खोटीखोटी नव्हती. अक्षरे मोजणे, टॅब काढणे, एका अक्षराच्या जागी दुसरे घालणे, ओळी क्रमाने लावणे, नमुना शोधणे, नमुना बदलणे, मग एक अख्खा संपादक, मग छपाईसाठी मजकूर मांडणारी आज्ञावली: प्रकरणामागून प्रकरण वाचत गेले की वाचकाच्या हाती युनिक्सच्या अवजारपेटीची एक प्रतिकृतीच पडत असे. युनिक्सचा सोर्स कोड यात नव्हता. कल्पना त्याच होत्या, आणि त्या चालत्या रूपात छापलेल्या होत्या. चुंबकीय टेपवरही त्या मिळत.

अडचण भाषेची होती. सी भाषा तेव्हा बेल प्रयोगशाळा आणि काही विद्यापीठे यांच्याबाहेर फारशी कोणाकडे नव्हती. फोरट्रान मात्र जवळजवळ प्रत्येक संगणकावर असे; पण मजकुरासाठी तिच्याइतकी गैरसोयीची भाषा शोधून सापडली नसती. तिच्यात अक्षर नावाचा प्रकारच नव्हता. लेखकद्वयाने ‘रॅटफोर’ नावाचा एक पातळ मुलामा तयार केला. वाचकाने सीसारख्या दिसणाऱ्या सुटसुटीत वाक्यांत लिहायचे आणि एका अनुवादक आज्ञावलीने त्याचे फोरट्रानमध्ये रूपांतर करायचे. ती अनुवादक आज्ञावलीही त्याच पुस्तकात, रॅटफोरमध्येच लिहून दिलेली. अक्षरे पूर्णांकांत ठेवली, एका पूर्णांकात एक. मेमरीची ही उधळपट्टी होती. पण तिच्यामुळे पुस्तकातील आज्ञावल्यांना अक्षर किती बिटांचे आहे याची फिकीर उरली नाही. आणखी एक दूरदृष्टी त्यांनी दाखवली. एक अक्षर वाचणे, एक अक्षर लिहिणे, फाइल उघडणे, अशी यंत्रागणिक बदलणारी कामे त्यांनी मोजक्या मूलभूत क्रियांत वेगळी काढली. नव्या यंत्रावर जायचे तर तेवढ्याच क्रिया नव्याने लिहायच्या; वरचा सगळा डोलारा तसाच उभा राहतो.

झालेही तसेच. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत डेनिस हॉल, डेबोरा शेरर आणि जो स्वेंटेक यांनी ही अवजारे निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर बसवली. १९८० मध्ये एका शोधनिबंधात त्यांनी या उद्योगाला नाव दिले ‘आभासी कार्यप्रणाली’. खाली कोणत्याही कंपनीची कार्यप्रणाली असो, बसणाऱ्या माणसाला वर तीच अवजारे, त्याच आज्ञा दिसाव्यात. अवजारे वापरणाऱ्यांची एक संघटना उभी राहिली, टेपांची देवाणघेवाण सुरू झाली. १९८१ मध्ये कर्निहॅन आणि प्लॉगर यांनी तेच पुस्तक पास्कल भाषेत नव्याने लिहिले. त्या लेखनात पास्कलचा इतका जाच झाला की कर्निहॅन यांनी ती भाषा आपल्याला का आवडत नाही यावर एक स्वतंत्र लेखच लिहिला. तोही खूप वाचला गेला. प्लॉगर तर एव्हाना ‘व्हाइटस्मिथ्स’ ही कंपनी काढून सी भाषेचा कंपायलर आणि ‘इड्रिस’ नावाची युनिक्ससारखी कार्यप्रणाली विकू लागले होते.

घरगुती संगणकांवर त्या काळी गॅरी किल्डल यांच्या ‘सीपी/एम’ या कार्यप्रणालीचे राज्य होते. तिच्यात नळी नव्हती, फाइलींचे वर्गीकरण नव्हते. फाइल नेमकी कुठे संपते हेसुद्धा तिला धड ठाऊक नसे. ती १२८ बाइटांच्या ठोकळ्यांतच मोजत असे. म्हणून मजकुराच्या फाइलीत शेवट दाखवायला एक विशेष खूण, ‘कंट्रोल-झेड’, घालण्याचा प्रघात पडला. पुढे एमएस-डॉसनेही ती खूण उचलली, आणि मजकुरात ती चुकून मधेच आली तर पुढची पानेच्या पाने नाहीशी झाल्यासारखी दिसण्याचा अनुभव एका पिढीने घेतला. ओळीच्या शेवटाचेही तसेच. युनिक्स तेथे एकच चिन्ह ठेवी, सीपी/एम आणि डॉस दोन. एका बाजूची फाइल दुसरीकडे नेली की एक तर पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे घसरत जाणाऱ्या ओळी दिसत, नाहीतर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक आगंतुक खूण.

अशा यंत्रावर अवजारे पोचवण्याचे काम मासिकांनी केले. ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ या कॅलिफोर्नियातील मासिकाने मे १९८० मध्ये रॉन केन यांचा ‘स्मॉल-सी’ हा कंपायलर संपूर्ण छापला. तो सी भाषेचा एक लहानसा तुकडा होता, पण छापील पानावरून कोणालाही तो टंकित करून घेता येई. जेम्स हेंड्रिक्स यांनी पुढे तो वाढवला, आणि त्याच कंपायलरसाठी ‘स्मॉल-टूल्स’ नावाचा मजकूर-आज्ञावल्यांचा संच सोर्स कोडसकट तयार केला. त्याची प्रेरणा उघड होती: कर्निहॅन आणि प्लॉगर यांचे पुस्तक. बेल प्रयोगशाळेतील सी भाषेची अवजारे रॅटफोरच्या वेशात पुस्तकात गेली, आणि तेथून पुन्हा सीच्या एका छोट्या बोलीत उतरून स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या संगणकावर आली. या वाटेवर कोणाचाही परवाना मोडला गेला नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि मार्च १९८३ मध्ये एमएस-डॉसची दुसरी आवृत्ती. या आवृत्तीत युनिक्सची छाया स्पष्ट दिसत होती. मायक्रोसॉफ्ट तेव्हा ‘झेनिक्स’ या नावाने युनिक्स विकतही होती. फाइलींसाठी एकात एक कप्पे आले, निकाल फाइलीत वळवणारी बाणाची खूण आली, आणि ती उभी रेघसुद्धा आली. ‘सॉर्ट’, ‘फाइंड’ आणि ‘मोअर’ या तीन गाळण्या सोबत दिल्या होत्या. जाहिरातीत हे सारे युनिक्ससारखे वाटे. वापरताना तसे वाटत नसे, आणि का वाटत नसे हे समजून घेण्यासारखे आहे.

युनिक्सच्या नळीत दोन्ही टोकांच्या आज्ञावल्या एकाच वेळी चालतात. एक ओतत असते, दुसरी पीत असते. दुसरीचे पोट भरले की पहिली थांबवली जाते. डॉस एका वेळी एकच आज्ञावली चालवू शके. म्हणून तेथील नळी हे एक सोंग होते. पहिली आज्ञावली पूर्ण संपेपर्यंत चाले, तिचा सगळा निकाल डिस्कवर एका तात्पुरत्या फाइलीत साठे, मग ती फाइल दुसरीला दिली जाई. फ्लॉपीची क्षमता ३६० किलोबाइट. फ्लॉपी भरत आलेली असली की नळी तुंबे, आणि फ्लॉपीवर लिहिण्यास बंदी असेल तर ती चालतच नसे. एखाद्या लांबलचक यादीतल्या पहिल्या दहा ओळी हव्या असल्या तरी यादी शेवटपर्यंत तयार होण्याची वाट पाहावी लागे. गाळण्यांची अवस्थाही बेताचीच. ‘फाइंड’ला नमुना कळत नसे, फक्त ठरावीक अक्षरांची रांग कळे. ‘सॉर्ट’चा दम ६४ किलोबाइटच्या आसपास संपे. आज्ञेची ओळ १२७ अक्षरांवर तोडली जाई. ‘सर्व टीएक्सटी फाइली’ असे तारांकित चिन्हाने सांगितले तर युनिक्समध्ये शेल स्वतः त्याची यादी करून देते. डॉसमध्ये ते काम प्रत्येक आज्ञावलीने आपापले करायचे, आणि ‘फाइंड’ ते करीतच नसे. मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांच्या साखळीपैकी डॉसजवळ केवळ ‘सॉर्ट’ होती.

म्हणजे बिघाड अवजारांत नव्हता, त्यांच्या भोवतालात होता. ही गोष्ट ध्यानात आल्यावर दोन प्रकारचे लोक कामाला लागले. अॅलन होलब यांच्यासारख्यांनी डॉसवर चालेल असा युनिक्सच्या धर्तीचा शेल लिहिला आणि तो कसा लिहिला त्याचे पुस्तक केले. कॅनडातील वॉटर्लू येथील ‘मोर्टिस कर्न सिस्टिम्स’ या छोट्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘एमकेएस टूलकिट’ बाजारात आणला. त्यात शेल, व्हीआय संपादक, ग्रेप, सेड, ऑक असा सगळा संसार होता. कचेरीत युनिक्स आणि घरी डॉस अशी ज्यांची विभागणी झाली होती, त्यांच्या बोटांना तो संच ओळखीचा वाटे. शिकागोच्या मार्क विल्यम्स कंपनीने त्याच्याही पलीकडे जाऊन ‘कोहेरंट’ ही पूर्ण कार्यप्रणालीच लिहिली होती. ती सुरुवातीच्या काळात इतकी हुबेहूब वाटली की एटी अँड टीने चोरीचा संशय घेऊन खुद्द डेनिस रिचींना तपासणीस धाडले. रिचींनी मुद्दाम आपल्या ओळखीच्या, कागदपत्रांत न नोंदलेल्या खोडी शोधून पाहिल्या. कोड उतरवल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. १९९० च्या सुमारास कोहेरंट अवघ्या ९९ डॉलरला मिळू लागली.

ज्यांना तेवढेही परवडत नव्हते, त्यांच्यासाठी नमुना शोधण्याचे यंत्रच फुकट देऊन टाकणारा माणूस टोरोंटो विद्यापीठात होता. हेन्री स्पेन्सर यांनी १९८६ मध्ये युनिक्सच्या माहितीपुस्तिकेतील वर्णनावरून, मूळ कोड न वापरता, नमुना जुळवणारा आज्ञावली-संग्रह लिहिला आणि कोणीही वापरावा म्हणून सोडून दिला. कित्येक ‘ग्रेप’ आणि संपादक त्यावर उभे राहिले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ‘ग्नू’ प्रकल्प तोवर बाळसे धरू लागला होता. युनिक्सच्या जुन्या अवजारांत ओळ अमुकच लांब असावी, शब्द अमुकच असावेत अशा छुप्या मर्यादा असत. ग्नूने ठरवले की मर्यादा घालायचीच नाही, लागेल तेवढी मेमरी मागायची. हा निर्णय उत्तम होता, पण ६४० किलोबाइटच्या डॉसला तो झेपणारा नव्हता. १९८९ मध्ये स्टॉलमन यांच्या एका व्याख्यानानंतर डी. जे. डेलोरी या तरुण अभियंत्याने विचारले की ग्नूचा सी कंपायलर डॉसवर नेता येईल का. उत्तर नकारार्थी आले: कंपायलर फार मोठा, आणि डॉस १६ बिटांचा. डेलोरी यांनी ते आव्हान मानले. इंटेलच्या ३८६ या चिपची ३२ बिटांची ताकद डॉसखालून बाहेर काढणारा एक विस्तारक त्यांनी लिहिला आणि ‘डीजेजीपीपी’ हा संच तयार केला. ग्नूची अवजारे डॉसवर खऱ्या अर्थाने नांदू लागली ती त्यानंतर.

या स्थलांतरात एक गोष्ट मात्र बराच काळ कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला दिसतच नाही. आस्की या संकेतावलीत इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, आणि बाइट असतो आठ बिटांचा. आठवा बिट रिकामा. रिकामी खोली दिसली की तेथे कोणीतरी अडगळ टाकतोच. युनिक्सच्या बोर्न शेलने त्या बिटाचा उपयोग ‘हे अक्षर अवतरणचिन्हांत होते’ अशी खूण ठेवण्यासाठी केला. घरगुती संगणकांवर लोकप्रिय असलेल्या वर्डस्टारने प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर तो बिट चढवला, समास जुळवणे सोपे जावे म्हणून. साध्या अवजारांनी अशी फाइल वाचली की दर शब्दाचे शेपूट विचित्र चिन्हाचे दिसे. आणि डॉसवरील बहुतेक सी कंपायलर अक्षराला धन-ऋण संख्या समजत. आठवा बिट चढला की अक्षराची किंमत शून्याखाली जाई आणि तक्त्यात शोधायला गेलेली आज्ञावली तक्त्याच्या मागच्या भलत्याच जागेत हात घाली.

भारतात त्याच आठव्या बिटावर देवनागरी उभी राहणार होती.

नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक-धोरणानंतर देशात पर्सनल कॉम्प्युटर वेगाने पसरले. आयआयटी कानपूर येथे त्याआधीपासूनच भारतीय लिप्यांच्या संगणकीय हाताळणीवर काम चालू होते. तेथून निघालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या कित्येक आज्ञावल्यांत भारतीय लिप्या लिहिता-वाचता येत. त्यामागील ‘इस्की’ या संकेतावलीला १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मानकाचा दर्जा दिला. इस्कीची रचना विचारपूर्वक केलेली होती. बाइटचा खालचा अर्धा भाग इंग्रजीसाठी जसाच्या तसा राखला. म्हणून जागा, स्वल्पविराम आणि ओळीचा शेवट यांना धक्का लागला नाही, आणि रकाने मोजणारी अवजारे चालू राहिली. वरच्या अर्ध्या भागात आधी अनुस्वार-विसर्ग, मग स्वर, मग व्यंजने, मग मात्रा आणि त्यानंतर हलन्त, अशा क्रमाने अक्षरे बसवली. या क्रमामुळे बाइटांच्या किमतीप्रमाणे साधी ‘सॉर्ट’ चालवली तरी ‘कमल’ आधी, ‘काम’ नंतर आणि ‘क्रम’ त्याच्याही नंतर असा शब्दकोशाच्या जवळ जाणारा क्रम मिळे. नागरीसाठी लिहिलेली एकही जादा ओळ त्या ‘सॉर्ट’मध्ये असण्याची गरज नव्हती.

अट एकच: अवजाराने आठव्या बिटाला हात लावता कामा नये. तो कापून टाकणाऱ्या जुन्या अवजारातून मराठी मजकूर गेला की पलीकडे इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक चुरा पडे, आणि गेलेला बिट परत आणण्याचा उपाय नसे. अवजार चुकल्याची सूचनाही देत नसे. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. युरोपातील स्वरचिन्हांकित अक्षरांनाही हाच फटका बसत होता. तेथे शब्दातले एखादेच अक्षर बिघडे, येथे संपूर्ण भाषाच.

कानपूरच्याच भाषा-संशोधकांनी या अडचणीला वळसा घालणारा एक मार्ग वापरला. मजकूर सात बिटांच्या रोमन अक्षरांतच ठेवायचा, पण एका ध्वनीला एकच अक्षर अशा काटेकोर पद्धतीने. मोठे आणि लहान रोमन अक्षर वेगळे धरल्याने ट-ठ-ड-ढ यांना टी आणि डी पुरले. त-थ-द-ध यांच्यासाठी उरलेली डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे घेतली, आणि त्यावरूनच या लेखनपद्धतीला ‘डब्ल्यूएक्स’ हे नाव पडले. डोळ्यांना ती रुक्ष वाटते. पण त्या रूपातील हिंदी किंवा तेलुगू शब्द ग्रेप, सेड आणि ऑक यांच्यातून बिनबोभाट पार होतो, आणि प्रत्यय तोडण्याचा नमुना एका ओळीत लिहिता येतो. भारतीय भाषांच्या यांत्रिक भाषांतराचे बरेच काम या वेशांतरात झाले.

आठव्या बिटाचा प्रश्न अखेर सुटला तो अवजारांच्या जन्मदात्याकडूनच. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, टेबलावर अंथरलेल्या कागदावर, केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्या साक्षीने ‘यूटीएफ-८’ या संकेतरचनेची मांडणी केली. जगातील सर्व लिप्यांची अक्षरे एका वा अनेक बाइटांत, आणि इंग्रजी अक्षराचा बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात कधीच सापडणार नाही, अशी हमी. जुन्या ‘ग्रेप’ला आठ बिट स्वच्छ दिसत असले की तिला यूटीएफ-८ मधला मराठी शब्दही सापडतो, तो मराठी आहे हे तिला कळावे लागत नाही. शोधण्यापुरते ते भागते. मोजायची वेळ आली की भागत नाही.

ऑकच्या मूळ, कर्निहॅन सांभाळत असलेल्या आवृत्तीत ‘पाणी’ या शब्दाची लांबी अनेक वर्षे १२ येत असे, कारण ती बाइट मोजत होती. २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ब्रायन कर्निहॅन यांनी स्वतः बसून तिला युनिकोड समजेल अशी दुरुस्ती केली, आणि २०२३ मध्ये ऑकवरील पुस्तकाची दुसरी आवृत्ती पहिलीनंतर ३५ वर्षांनी निघाली. आता ती आज्ञावली ‘पाणी’ची लांबी ४ सांगते: प, काना, ण आणि वेलांटी. पहिलीतले मूल दोन सांगेल.